चहानंतरचं माप

मालनताईंना चेहरे लक्षात राहायचे नाहीत. नावंही नाहीत. बाजारात कुणी "काय मालनताई, वळखलं का?" म्हणत पुढ्यात उभी राहिली की त्या आधी कसनुसं हसायच्या आणि मग सरळ तिचा हात हातात घ्यायच्या. अंगठा आणि मधलं बोट मनगटाभोवती फिरवायचं, जरा थांबायचं आणि म्हणायचं, "सव्वासहा. तू बोरीच्या चव्हाणांची थोरली न्हव का?" आणि ती तीच असायची! मी स्वतः दोनदा पाहिलंय म्हणून सांगते, नाहीतर माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास बसत नाही.

मालनताईंना जाऊन ही दुसरी संक्रांत येईल. पावसाळ्यात मंचरला बहिणीकडं म्हणून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. माझ्या दुकानात अजून कुणी ना कुणी विचारतं, "ते खऱ्या हलव्याचे दागिने करणाऱ्या बाई कुठं असतात हो?" मी "नाहीत आता" म्हणते आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळते. दुकान म्हणजे माझा फोटो स्टुडिओ, नारायणगावात. पाटी नवऱ्याच्या नावाची, राबते मी. लग्नं त्याच्याकडं, डोहाळजेवणं, बारशी, बोरन्हाणं आणि हळदीकुंकू माझ्याकडं. कारण बायकांच्या घोळक्यात बाप्या माणूस कॅमेरा घेऊन घुसला की सगळ्या पदर सावरत बसतात आणि फोटोत नुसते पदरच येतात.

अशाच एका बोरन्हाणात मी त्यांचं काम पहिल्यांदा पाहिलं. पोर वर्षाचं, अंगात काळं झबलं, वर हलव्याचा मुकुट, मनगट्या, वाळे, कमरेला बासरी. एरवी हे दागिने पहिल्या फोटोला घसरतात आणि दुसऱ्या फोटोच्या आत पोर ते चाटून मोकळं होतं. हे पोर रांगत पलंगाखाली जाऊन आलं, तरी मुकुट ढळला नाही. मी त्याच्या आईला विचारलं, "कुणी केला गं?" ती म्हणाली, "वारूळवाडीत एक बाई राहतात. पण वेळ काढून जा हां."

वेळ काढून का, ते आठवड्याभरात कळलं. माझ्या भाचीची पहिली संक्रांत होती, म्हणून तिला घेऊन गेले. एका बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, पुढं शेवग्याचं झाड. दारात साठी ओलांडलेली एक काटकुळी बाई, नऊवारी नाही, साधी पाचवारी, डोळ्यांना जाड चष्मा. ना नाव विचारलं ना गाव.

"हात करा म्होरं."

भाचीनं हात पुढं केला. मालनताईंनी पांढरा दोरा मनगटाभोवती घेतला, बारीक गाठ मारली, कात्रीनं तोडला. मग दंड, मग गळा, मग कंबर. पाच मिनिटांत काम झालं. मी उठले.

"आवं बसा. चा ठिवलाय."

"चहा नको, दुकान उघडं टाकून आलेय."

"चा तुमच्यासाठी न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "मापासाठी हाये. थंडीतनं गाडीव बसून आलाय. मनगाट आखाडल्यालं आसतं. चा पिल्याव सैल व्हतं, मंग खरं माप मिळतं."

आता मी बोलायला फटकळ. म्हटलं, "मालनताई, हे काय सोनं आहे का? चार दिवसांनी फोडून खायचं ते."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या. "सोनं वाकतंय. हलवा वाकत न्हाई. तिळायेवढा फरक पडला तरी तडकतोय."

मग काय, बसलो. चहा चुलीवर नव्हता, गॅसवरच होता, पण त्या बाईनं तो असा मंद आचेवर ठेवला होता की काही विचारू नका. तोवर भाचीची सगळी चौकशी झाली. सासू झोपू देते का, नवरा जेवण झाल्यावर ताट उचलतो का, दम लागतो का, माहेरची आठवण येते का. भाची एरवी आमच्याशी "हो, नाही" पलीकडं बोलत नाही. ती त्या बाईंपाशी अर्धा तास बोलत होती, मधेच रडलीसुद्धा. चहा झाल्यावर दुसरा दोरा निघाला. दोन्ही दोरे शेजारी धरून मालनताईंनी आम्हाला फरक दाखवला. मला तरी काही दिसला नाही.

जन्मभर त्यांनी हेच केलेलं. बोरी बुद्रुकला अंगणवाडीत सेविका होत्या. गावची दोन पिढ्यांची पोरं त्यांनी वजनकाट्याला टांगली, त्यांच्या दंडाचा घेर पट्टीनं मोजला, वहीत लिहिला. संक्रांतीला अंगणवाडीतल्या पोरांचं बोरन्हाण करायच्या, त्यासाठी हौस म्हणून हलव्याच्या मनगट्या करायला लागल्या. ती हौस वाढत वाढत शिक्षकांच्या लेकी-सुनांपर्यंत गेली. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं मी एकदा तोंड वर करून विचारलं होतं. "कुनाला मी पसंत न्हवते, कुनी मला," म्हणाल्या, आणि हसून दुसरं बोलायला लागल्या. निवृत्त झाल्यावर गावच्या घरात भावाचा संसार, त्याच्या मुलाचा संसार, जागा कमी पडायला लागली. म्हणून या इकडं दोन खोल्यांत आल्या.

हलवा विकतचा आणून दागिने करणाऱ्या पुष्कळ आहेत. मालनताई हलवाही घरीच करायच्या. शेगडीवर पितळेची परात, परातीत तीळ नाहीतर साबुदाणा, आणि वरून चमच्या-चमच्यानं साखरेचा पाक. दाणे हातानंच हलवत राहायचं, चमच्यानं नाही. दाण्याला काटा धरायला थंडी लागते, म्हणून पहाटे उठून दार उघडं टाकून बसायच्या. जानेवारीत आमच्याकडं कसली थंडी पडते ते जुन्नरकडच्या माणसाला सांगायला नको. पाठीला बोचरा वारा, बोटांना कढत पाक. असं तीन-तीन दिवस एकाच परातीपुढं.

त्या पाकानं त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेशनच्या दुकानातलं ते अंगठ्याचं मशीन त्यांना घ्यायचंच नाही. एकदा मी रांगेत त्यांच्या मागं होते. दहाही बोटं लावून झाली. मालनताई मागं वळून हसत म्हणाल्या, "वहिनी, मशीन म्हनतंय, मालन जाधव म्हनून कुनी बाईच न्हाई." सगळे हसले. दुकानदार म्हणाला, "मावशी, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, त्याचा अंगठा चालंल." त्यावर त्या पिशवीची घडी करायला लागल्या. कार्डावर त्यांचं एकटीचंच नाव होतं. शेवटी मोबाईलवर नंबर मागवून धान्य मिळालं.

हौसेचा धंदा करायला त्यांना मी लावलं. याचं श्रेय मी बरीच वर्षं मिरवलं. आधी त्या दागिन्यांचे पैसे सांगायच्याच नाहीत. "समजून द्या" म्हणायच्या आणि लोक अर्थातच समजून कमीच द्यायचे. मी म्हटलं, "मालनताई, तुम्ही काय पुण्य करायला बसलाय का? दर ठरवा, कार्ड छापा." कार्ड मीच स्टुडिओत बसून केलं. 'मालन हलवा दागिने', खाली फोन नंबर. त्यांनी मला सांगितलं, "त्येच्या खाली लिवा, दागिने माप घेऊनच मिळतील. चहासाठी वेळ काढून यावे." मला हसू आवरेना. चहाची ओळ मी तिथंच उडवली. कार्ड छापायला देताना मापाची ओळही काढली. कार्डावर जागा नव्हती असं त्यांना सांगितलं. जागा होती. तिथं मी बासरी वाजवणारा बाळकृष्ण टाकला.

कार्डानं गिऱ्हाईक वाढलं. दिवाळी झाली की त्यांच्या दारात चपलांचे जोड दिसायला लागायचे, ते रथसप्तमीपर्यंत. त्या दोन-अडीच महिन्यांत मालनताईंची चाल बदलायची, आवाज मोठा व्हायचा. पहिल्या मोठ्या हंगामानंतर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ती म्हणजे कप-बश्यांचा नवा सेट. बाकीचं वर्ष त्या खोल्यांत रेडिओ वाजायचा आणि कुणी यायचं नाही.

हळदीकुंकवाचं मात्र त्यांचं त्रांगडं होतं. दागिने त्यांच्या हातचे, पण ते अंगावर कसे दिसतात हे त्यांना कधी बघायला मिळायचं नाही. त्या ना सवाष्ण ना विधवा. साठीतली कुमारिका! यांना बोलवायचं तर कुंकू लावायचं का, वाण द्यायचं का, हे घरोघरच्या सासवांना ठरवता यायचं नाही, मग त्या बोलवायच्याच नाहीत. मालनताई म्हणायच्या, "आवं, उगा त्यांची पंचाईत. त्यापरीस तुमी फोटो दावा." मी कॅमेऱ्यातलेच फोटो दाखवायचे, तेही धावता-धावता. त्या बाईच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. मनगटं बघायच्या, कंबर बघायच्या, आणि "बसलंय" म्हणायच्या.

एकदाच त्या आत गेल्या. तेही भांडणामुळं. नारायणगावच्या पेठेत एका काकींचं कापडाचं दुकान आहे. जैन घर, मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथंच गेलेल्या; काकी माझ्यापेक्षा फर्डं मराठी बोलतात. त्यांची सून तिकडच्या, राजस्थानातल्या पालीहून आलेली, तिची पहिली संक्रांत. माप दिवाळीनंतर लगेच दिलं होतं, चहानंतरचं. हळदीकुंकवाच्या दिवशी काळी साडी नेसवून दागिने चढवायला घेतले, तर कमरपट्टा चार बोटं तोकडा! मी कॅमेरा लावून उभी, बाया यायला लागलेल्या. काकींनी फोन लावला. "अहो मालनताई, तासभर बसवून माप घेता आणि हे काय माप झालं? या आत्ताच्या आत्ता."

मालनताई रिक्षानं आल्या. दोरा काढला, कंबर मोजली. परत मोजली. कपाळाला आठ्या. मग सगळ्यांसमोर काकींना म्हणतात, "काकी, चा ठिवा."

"चहा? आत्ता?"

"ठिवा वं."

काकी पाय आपटत आत गेल्या. चहा आला, सून चहा प्यायली, तिसऱ्यांदा माप झालं. मग मालनताई त्या मुलीच्या कानाशी लागून काहीतरी बोलल्या. मुलगी लाल झाली. मालनताई सरळ उभ्या राहिल्या. "काकी, माझा दागिना बराबर हाये. आवं, तुमी आजी व्हनार!"

पुढं जो कल्ला झाला तो काय सांगू! कुणी पेढे आणायला धावलं, कुणी सुनेला उचलायला. त्या गोंधळात काकींनी करंडा उचलला आणि काही विचार न करता मालनताईंच्या कपाळाला कुंकू टेकवलं, हातात वाण कोंबलं, आणि बायकांच्या रांगेत बसवलं. कमरपट्ट्याला मागं काळी फीत जोडून वेळ निभावली. रात्री जेवायलाही ठेवून घेतलं. पुढं कित्येक महिने मालनताई सांगायच्या, "कांदा-लसून न्हाई त्या आमटीत, पन काय चव व्हती! आन् वहिनी, काकी म्हनल्यात, बाळाच्या बोरन्हानाला माप घ्यायला तुमीच घरी यायचं."

बाळ झालं, मुलगा. पण तोवर करोना आला. कुणी कुणाच्या दारात जाईना. काकींनी बाळाच्या मनगटाला सुतळी बांधली, सुतळी पट्टीवर ठेवली आणि फोनवर फोटो पाठवला. मालनताईंना फोनवरचं बघता येईना म्हणून मला विचारलं. मी आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "चा नंतरचं हाये का आधीचं?" मी म्हटलं, "अहो, पाच महिन्यांच्या पोराला कसला चहा पाजताय?" त्या हसल्या. दागिने बरोबर झाले. एकही तडकला नाही.

तिथं सगळं फिरलं. लोकांना कळलं की घरी न जाता काम होतं. करोना गेला, पण माणसं परत आली नाहीत. मीच एक तक्ता केला, लहान, मध्यम, मोठं, आणि तो मोबाईलवर फिरवला. पुण्याहून, ठाण्याहून, पार सुरतेहून मागण्या यायला लागल्या. मालनताईंना दिवस पुरेना. मी खूश! माझ्यामुळं एका एकट्या बाईचा धंदा उभा राहिला, असं मी चार ठिकाणी सांगितलंही.

पार्सलवाला यायचा. त्याला त्या चहा विचारायच्या. तो गाडी बंदसुद्धा करायचा नाही. मीही कधी खोकी न्यायला जायचे, तर गाडीवरूनच हाक मारायचे. परत फिरायची घाई, दिवस मावळला की त्या रस्त्याला उसात बिबट्या. एकदा खोकं माझ्या हातात देऊन मालनताई तशाच उभ्या राहिल्या.

"वहिनी, हात करा म्होरं."

"कशाला? माझी काय पहिली संक्रांत आहे?"

"आसंच. लई दिस झालं कुनाचं माप घिऊन."

मी गाडीवर बसूनच हात पुढं केला. त्यांनी दोरा गुंडाळला, गाठ मारली. त्यांची बोटं गार पडली होती. "आता या आत. चा घ्या, मंग दुसरं घिते."

"उद्या येते," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली. दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्याही नाही.

खरं म्हणजे तेव्हाच मला कळलं होतं. मनगट आखडत-बिखडत काही नाही. थंडीनं मनगटाला काय होणार? त्या बाईला माणूस अर्धा तास दारात थांबायला हवं होतं, आणि ते मागायची लाज वाटत होती, म्हणून ते दुसरं माप. हे मला कळलं होतं, पण मला दुकान होतं, दोन पोरं होती, सासू अंथरुणावर होती. प्रत्येकाला काहीतरी असतंच की.

आणि मग मी माझी नामी कल्पना काढली. हलवा फुटतो, सादळतो, मुंग्या लागतात, पोरं चाटतात. त्यापेक्षा पांढऱ्या बारीक मण्यांचे दागिने करायचे, दिसायला हुबेहूब हलवा. स्टुडिओत ठेवायचे. बोरन्हाणाचे फोटो काढायला या, दागिने आमचे, चुरमुरे-बोरं आमची, मागं पतंगांचा पडदा आमचा. एकच सेट पन्नास पोरांना चालेल. दागिने अर्थातच मालनताईंनी करायचे.

मण्यांची पिशवी त्यांच्यापुढं ओतली. त्यांनी चार मणी उचलून चष्म्याजवळ धरले.

"ह्येला माप कुनाचं घिऊ?"

"कुणाचंच नको. मागं इलॅस्टिक लावा. सगळ्यांना होईल."

त्या बराच वेळ मणी चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "मंग मानसं कशाला येत्याल, वहिनी?"

"येतील की! माझ्या स्टुडिओत येतील," मी म्हणाले. अगदी अशीच म्हणाले. आता हे लिहिताना माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

त्यांनी सहा सेट करून दिले. सुरेख केले. नाही का म्हणाल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. त्यांच्या दारात, गाडीवरून का होईना, येणारी मीच एक उरले होते.

पुढचा हंगाम लागला. मालनताईंचा एक दिवस मला दोनदा फोन आला. आवाज अगदी पूर्वीचा. "वहिनी, बोरीची पोर हाये, निरगुडसरला दिलीय. माझ्या अंगनवाडीतली! मी टांगलीय तिला काट्याला. तिच्या पोरीचं बोरन्हान हाये. म्हनली, मावशी, माप द्यायला आमी घरीच येतो, ऐतवारी." त्या रविवारी दुपारी मला एक तुटलेला मुकुट दुरुस्त करून हवा होता, म्हणून मी गेले. मालनताई दारात बसलेल्या. ठेवणीतली साडी, केस विंचरलेले. आत नवे कप धुऊन पालथे घातलेले, पातेलंभर दूध. मला म्हणाल्या, "पाच-सा जनं तरी येत्याल. सासू येनार हाये म्हनं."

चार वाजता फोन वाजला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून त्या आवाज मोठा ठेवूनच बोलायच्या. मी तीन हातांवर उभी होते. पलीकडून मुलगी म्हणाली, "मावशी, आता नगा करू हं दागिने. नारायणगावच्या स्टुडिओत तयार सेट मिळतोय, फोटोसकट. आमी तिथंच बुक केलंय. यायचं-जायचं हेलपाटं वाचलं बघा."

तो स्टुडिओ माझाच. मालनताईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. फोनमध्ये म्हणाल्या, "बरं केलंस बाय. चांगला हाये त्यो सेट. फकस्त इलॅस्टिक लई तानू नगं, पोरीच्या कपाळाला वळ उठतोय."

फोन खाली ठेवला. मग मला म्हणाल्या, "चा घेनार का, वहिनी? दूध लई हाये."

त्या दिवशी मी बसले. दोन कप चहा प्यायले. दुकानातून तीन फोन आले, ते घेतले नाहीत. वाटत होतं, काहीतरी बोलावं. मालनताई, चुकलं माझं, एवढं तरी म्हणावं. मी मुकुटाबद्दलच बोलत राहिले, कुठल्या बाजूचे मणी गळले आणि किती. त्यांनी तो तिथंच ओवून दिला. माप मात्र घेतलं नाही. मीही हात पुढं केला नाही.

त्याच हंगामातला रथसप्तमीआधीचा रविवार. स्टुडिओत पाय ठेवायला जागा नव्हती. सहाही सेट बाहेर, प्रत्येक आईला नंबराची चिठ्ठी, बाकावर दाटीवाटी, खाली सगळीकडं चुरमुरे. दार उघडलं आणि मालनताई आत आल्या. बोलावल्याशिवाय त्या स्टुडिओत कधी आलेल्या नव्हत्या. मी नुसती मान हलवली, "बसा" म्हणून. त्या बाकाच्या टोकाला अंग चोरून बसल्या.

शेजारी एक तरुण आई होती, मांडीवर सात-आठ महिन्यांचं पोर, मण्यांचा मुकुट घालून हंबरडा फोडत असलेलं. तिची साडी सुटली होती. ती म्हणाली, "मावशी, जरा धरता का ह्याला? मी निऱ्या घालून येते." मालनताईंनी पोर घेतलं. खांद्याला लावलं नाही की झुलवलं नाही, समोरासमोर धरलं आणि त्याच्याशी बोलायला लागल्या. काय बोलत होत्या ते गलक्यात मला ऐकू आलं नाही. पण पोर गप्प झालं. त्यांच्या चष्म्याला हात घालून हसायला लागलं. मला कॅमेऱ्यातून त्या दिसत होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. काकींच्या सुनेच्या हळदीकुंकवालाही नाही. वाटलं, कॅमेरा जरा तिकडं वळवावा, एक फोटो घ्यावा. पण समोर दुसऱ्याचं पोर बसलेलं, त्याची आजी माझ्या डोक्यावर उभी, "पटकन घ्या हो, झोपेल आता" म्हणत.

आई आली. तिनं पोर उचललं. "थँक यू हां मावशी. तुमचं बाळ कुठंय? नंबर कितवा तुमचा?"

"माझा नंबर न्हाई बाय," मालनताई म्हणाल्या. "मी आपली आशीच बसलीय."

"अय्या, हो का?" ती मुलगी चांगलीच होती, तिच्या मनात काही नव्हतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एका पोटुशा बाईकडं बघून ती म्हणाली, "मग जरा ह्यांना बसू देता का? केव्हाच्या उभ्या आहेत."

"बसू द्या की! बसा, बसा," म्हणत मालनताई लगेच उठल्या.

मी एका हातानं खुळखुळा वाजवत होते आणि "इकडं बघ, इकडं बघ" ओरडत होते. पोरानं एकदाचं बघितलं, फोटो निघाला. मान वर केली, तर मालनताई कुठं दिसेनात; त्यांच्या जागेवर ती दुसरी बाई पाय लांब करून बसली होती, आणि सगळ्या मला विचारत होत्या, आता कुणाचा नंबर.